उपवासकाळाची नऊ गीतं

हूटगळ्ळी, म्हैसूर

प्रिय आई,
येशू तुला सुखात ठेवो.

आगमनकाळाची चार, नाताळची सात, उपवासकाळाची नऊ, एवढी गीतं मी कानडीतून मराठीत आणली. वहीसुद्धा हातानेच शिवली. कानडी मला कुणी शिकवली नाही, तुला ठाऊकच आहे.

जेवण वेळेवर होतं. तुझा डोळा कसा आहे? ऑपरेशनची तारीख घेऊन ठेव, मी सोय करतो.

बेंगळुरूचा एक रेकॉर्डिंगवाला आला होता. म्हणाला, "इनासअण्णा, सगळ्या गीतांत आलेलुया घाला, लोक डोलतील."

"उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत तो आनंदाचा शब्द आम्ही उच्चारत नाही. ईस्टरसाठी राखून ठेवतो."

"ऐकणाऱ्याला काय कळतंय?"

"माझ्या आईला कळतं."

तुझा,
इनास

ता.क. वीस गीतांचे साठ हजार देत होता. मी नको म्हटलं.