एक वाजता जिथं असाल तिथून

ता. २ एप्रिल

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद.

पत्रास कारण, तू पोचल्याचं कळवलं नाहीस. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतेस, घरी कळवायचं म्हटलं की तुझंच उघडत नाही. तुझी आई रोज टपालवाल्याला अडवते. तो बिचारा आता मागच्या गल्लीने जातो.

मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण तुझ्या आईपेक्षा कमी. तंबूच्या कारखान्यातल्या माझ्याबरोबरच्या जुन्या बायका विचारतात, नात खरंच त्या डोंगरावर गेली का. मी म्हणते, आजोबांवर गेली आहे. फाटके तंबू सांधायला म्हणून मोहिमेबरोबर गेलेला शिंपी थेट टोकावर उभा राहून आला, हे ऐकतच तू वाढलीस. त्यांचा तो निशाण धरलेला फोटो आल्यागेल्याला दाखवायचं काम तुझंच होतं.

तिथं वर हवा फार विरळ असते म्हणतात. मग चढायच्या आधीच तुझ्या डोक्यात एवढी हवा कुठून शिरली, ते जरा तुमच्या म्होरक्याला विचारून कळव.

लोभ आहेच. तो पायमोज्यात घालून ठेव, पाय गार पडू देऊ नकोस.

तुझी आजी


ता. १४ एप्रिल

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार, पण बसूनच. वाकलं की खोकला येतो.

पायथ्याच्या तळावर येऊन आठ दिवस झाले. बर्फाला विहिरीएवढ्या भेगा आहेत. त्यांवर शिड्या आडव्या टाकतात आणि बुटांना खिळे लावून त्यांवरून चालायचं. खाली पाहू नका म्हणतात, म्हणून मी आधी खालीच पाहिलं.

म्होरक्या संध्याकाळी जुन्या मोहिमांच्या गोष्टी सांगतो. पहिल्या तीन तुकड्या अर्ध्यातून परतल्या, चौथी परतलीच नाही. आजोबांच्या वेळी दोनशे हमाल, ओझ्याने माणूस वाकेल असे कापडी तंबू आणि बोटं न वळणारे हातमोजे होते. आता सगळं हलकं झालंय, तेवढा डोंगर झाला नाही. वर एका पावलाला पाच-सहा श्वास लागतात.

म्होरक्याचा एक नियम मला पटत नाही. शेवटच्या दिवशी दुपारी एक वाजता जिथं असाल तिथून परत फिरायचं, टोक हाताशी असलं तरी. उशीर झाला की उतरताना अंधार गाठतो आणि नळकांड्यातली हवा संपते. माझा खोकला बघून त्याने मला हे दोनदा बजावलं. पण आजोबा घड्याळ बघत बसले असते तर पोचले असते का? मी ठरवलंय, मी फिरणार नाही. आईला यातलं काही सांगू नकोस.

लोभ आणि टोमणे दोन्ही चालू असावेत.

तुझी भिंगरी


ता. २७ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद, आणि एक चापट उधार.

हे पत्र बसून वाच. तुझे आजोबा टोकावर गेले नव्हते.

आपल्या अंगणातून समोरची भिंत दिसते ना, तेवढं टोक राहिलं होतं म्हणे. दोन सोबती होते. वेळ टळून गेली होती. हे फिरले, ते दोघे पुढे गेले. ते अजून वरच आहेत. टोकावर पोचले की नाही, कोणी सांगू शकत नाही. फिरलेल्याला मात्र पुढे तीन मुलं झाली. त्यातला मधला तुझा बाप. आजोबा पुढे गेले असते तर तू डोंगर काय, पाळण्यातही चढली नसतीस.

फोटो कारखान्याच्या थोरल्या मालकांनी काढवला. त्यांना आपले तंबू टोकावर पोचल्याची जाहिरात करायची होती. कारखान्यामागे चुन्याचा ढीग होता, त्यावर यांना लोकरी कोटात उभं केलं. भर उन्हाळा. चेहरा चमकतो तो बर्फाने नव्हे, घामाने. त्यांचं पायाचं एक बोट बर्फाने गेलं असं सांगायचे, तेही खोटं, त्यावर कापडाचा गठ्ठा पडला होता.

पाठ दाखवली म्हणून ते जन्मभर लाजले. मी लाजले नाही, पण गप्प बसले, तेवढी चूक माझी. त्या चुन्याच्या ढिगापायी तू मरायला निघशील असं वाटलं नव्हतं. एक वाजला की फिर. डोंगर कुठं पळून जात नाही, त्याला पाय नाहीत. तुझे दोन आहेत, ते घेऊन ये.

लोभ राहीलच, तू राहा.

आजी


ता. ९ मे

ती. आजीस नमस्कार.

सहा तारखेला टोकावर पोचले. हवा छान होती. सगळीकडे डोंगर दिसत होते. आता तळावर सुखरूप आहे. आईला व सर्वांना सांगावे.

भिंगरी


ता. ११ मे

ती. आजीस नमस्कार, मान वर न करता.

माझं पत्र गेलं आणि दुसऱ्या दिवशी तुझं आलं. कालपासून ते खिशात घेऊन फिरते आहे.

मीही पोचले नाही. टोक दिसत होतं. एका पावलाला आठ श्वास लागत होते, खोकल्याने बरगडी दुखत होती. घड्याळात एक वाजला. म्होरक्या मागे होता, त्याने हाकही मारली नाही. माझी मीच फिरले. वर हवा नसली तरी तुझी बोलणी ऐकू येतात, हे कोणत्याच गोष्टीत सांगत नाहीत.

म्होरक्याने ढकललं असतं तर त्याच्या नावाने खडे फोडता आले असते. माझ्या मनाने फिरले, म्हणून लाज वाटली आणि खोटं लिहिलं. तू ते सगळ्यांना सांगितलंही असशील. आता मी कोणत्या तोंडाने येऊ, ते कळव. खालच्या गावातल्या वसतिगृहात थांबते.

लोभ शिल्लक असला तर असावा.

भिंगरी


ता. २४ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद. आहे त्याच तोंडाने ये, दुसरं कुठं मिळत नाही.

तुझं नऊ तारखेचं पत्र पाच ओळींचं. टोकावर जाऊन आलेली तू पाच ओळींत गप्प बसशील? मी मनात म्हटलं, पोरगी फिरली, आणि त्या दिवशी पोटभर जेवले. पण तुझ्या आईने तोवर गाव गोळा केलं. धाकट्या मालकांनी कारखान्याच्या फाटकावर फलक लावला, हातभर अक्षरांत, "शिखर सर करणारी आमची भिंगरी". मग तुझं दुसरं पत्र आलं.

मी रंगाऱ्याला म्हटलं की "करणारी"च्या आधी एक "न" घाल. तो म्हणाला वाक्य बिघडेल. मी म्हटलं बिघडू दे, नात शाबूत आहे. मालकांना विचारल्याशिवाय तो हात लावेना. मालक आले, त्यांना त्यांच्या वडिलांचा चुन्याचा ढीगही सांगून टाकला. चहा न घेताच गेले. स्वागत मात्र जूनच्या दुसऱ्या रविवारी आहेच, कारण मंडप त्यांच्याच कापडाचा आणि बांधून झालेला आहे.

"न" शेवटी मीच घातला. तंबूंवर खुणा घालून घालून तेवढी अक्षरं रंगवायला मला येतात. जागा नव्हती, म्हणून मास्तर सुटलेलं अक्षर वर घालतात तसा घातला, लाल रंगात. खाली तुझी आई शिडी धरून रडत होती. शिडी दहा पायऱ्यांची होती. नवव्या पायरीवरून हात पोचला, मग उतरले.

लोभ आहे तिथेच आहे. रविवारच्या आत ये.

तुझी आजी