दवंडीत जास्तीचे शब्द घातल्याबद्दल खुलासा

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, साखरझरा,
जि. चंद्रपूर.

अर्जदार : देवाजी सुकलू निकुरे, महसूल सेवक (लोकांच्या तोंडी अजून कोतवालच), मौजा बेलमोहा चक.

विषय : मनाच्या आजाराची गोळी बंद केल्याचा दाखला सादर करता येत नसल्याबाबत, व गोळीसह दवंडीच्या कामावर कायम ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस.
२) रुग्णालयाचा दाखला, जो आपल्या कार्यालयाने परत केला.

महोदय,

१. उपरोक्त विषयान्वये अर्जदार कळवितो की, नोटीस मिळाली आणि तीत लिहिले आहे ते खरे आहे. मानसिक आरोग्य शिबिराची दवंडी देताना अर्जदाराने शासकीय मजकुराला पदरचे शब्द जोडले. ते शब्द असे : "मी देवाजी कोतवाल. मी पण गोळी खातो. लाजू नोका, या." यात खोटे काही नव्हते, पण मंजुरीही नव्हती, हे अर्जदारास मान्य आहे.

नोटिशीत दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक खुलासा, आणि दुसरा, गोळी बंद होऊन अर्जदार तंदुरुस्त झाल्याचा दाखला. दाखला न आल्यास दवंडीचे काम काढून घेऊन सेवेबाबत विचार करण्यात येईल, असे खाली लिहिले आहे. खुलासा हा असा हजर आहे. दाखला का देता येत नाही हे सांगायचे तर गोळ्यांची सगळी रामकहाणी सांगावी लागते. ती लांबली तर साहेबांनी सांभाळून घ्यावे. थकलेल्या माणसाला थोडक्यात सांगणे जमत नाही.

२. साहेबांना ठाऊकच आहे की, जंगलात कोणी वाघाच्या तावडीत सापडले तर पंचनामा होईस्तोवर मृतदेहाजवळ कोतवालाने बसायचे असते. अर्जदार असा अनेकदा बसला. तेंदूपत्त्याच्या हंगामात इंदुताईजवळ बसला, तेव्हापासून बिघडले. इंदुताई अर्जदाराच्या घराला लागून राहत असे. तिच्या मुठीत तेंदूपत्त्याची जुडी तशीच होती आणि अर्जदार त्यावरच्या मुंग्या झटकत बसला. त्यानंतर काही कारण नसताना छाती धडधडू लागली, हातपाय गार पडू लागले, जेवण मातीसारखे लागू लागले. चंद्रपूरला नेऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. तिथले डॉक्टर म्हणाले, हार्ट एकदम चांगला आहे. हे ऐकून घरच्यांना आनंद झाला. अर्जदाराला झाला नाही, कारण हार्ट चांगला असून माणूस मरायला टेकला, तर दाद मागायची कोणाकडे?

पुजाऱ्याकडे नेले, लिंबू उतरवले. गावातल्या शहाण्यांनी "मन घट्ट कर, देवाजी" असा सल्ला दिला. मन घट्ट कसे करतात ते मात्र कोणी करून दाखवले नाही.

३. पहिली गोळी. मनाचे डॉक्टर महिन्यातून एकदा रुग्णालयात येतात, त्यांनी अ‍ॅमिट्रिप्टिलीन नावाची गोळी दिली. झोप लागली, हे कबूल केले पाहिजे. बायको म्हणे, ढोलकं वाजवलं तरी हा माणूस उठत नाई. पण तोंड असे कोरडे पडे की जीभ टाळूला चिकटून बसे. कोतवालाचे सगळे भांडवल गळ्यात असते, साहेब. रेशन कार्डाच्या केवायसीची दवंडी होती. चावडीपाशी डफडे वाजवले, लोक बाहेर आले, आणि अर्जदाराच्या तोंडून "ऐका हो" एवढेच निघाले. पुढचे शब्द घशातच राहिले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "कोतवालाच्या घशात कोंडा भरला वाटते" असे कोणीतरी म्हणाले. पोटही साफ होईना, पण त्याचा तपशील सरकारी कागदावर नको.

४. दुसरी गोळी फ्लुओक्सेटीन. तिने उलटेच केले. झोप उडाली, मळमळ सुटली, आणि पायांना असा चाळा लागला की अर्जदाराला एका जागी बसवेना. तलाठी कार्यालय सकाळी झाडून झाले की दुपारी पुन्हा झाडून काढे. तलाठी मॅडम खूश होत्या. घरी बायको रीता म्हणे, "अजी, तुमी एका जागी बसा ना, माह्यं डोकं फिरून राह्यलं तुमाले पाहून." डॉक्टरांनी सांगितले होते की ही गोळी लागू व्हायला काही आठवडे जातात, धीर धरा. आपल्याकडे गोळी म्हणजे तापाची. आज घेतली, उद्या उतरला पाहिजे. अर्जदाराने न विचारता ती सोडली. चूक अर्जदाराची, गोळीची नाही. हीच गोळी पुढे गावातल्या कमळाबाईच्या जावयाला चांगली मानवली.

५. तिसरी गोळी एस्सिटॅलोप्राम. धडधड थांबली, झोप आली, भूक आली. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण हळूहळू असे झाले की अर्जदाराला काही वाटेनासेच झाले. भाची करिश्मा हिची पाठवणी होती. पोरगी गळ्यात पडून रडली आणि अर्जदार मांडवाची दोरी कुठे ढिली आहे ते पाहत उभा राहिला. दुःख नाही, सुखही नाही. सारवलेल्या भिंतीसारखे सगळे सपाट.

आणि मग वाघाची दवंडी आली. मोहफुलाचे दिवस होते, नाल्याकडे वाघ दिसला होता, कोणी फुले वेचायला जाऊ नये असा निरोप होता. अर्जदाराने निरोप शब्दशः सांगितला, एक अक्षर कमी-जास्त नाही. पण दवंडीत शब्द अर्धेच काम करतात. बाकीचे काम आवाज करतो. वाघ असला की कोतवालाचा आवाज कापला पाहिजे, म्हणजे लोक टोपल्या खाली ठेवतात. अर्जदाराचा आवाज कापला नाही, कारण अर्जदाराला भीतीच वाटली नाही. बाया टोपल्या घेऊन गेल्या. कमळाबाईला वाघ समोर दिसला. ती मोहाच्या झाडावर चढून बसली आणि सूर्य डोक्यावर आल्यावर माणसांनी उतरवून आणली. ती घरी न जाता अर्जदाराच्या अंगणात आली आणि म्हणाली, "देवाजीभाऊ, तुमी वाघ सांगतला का रेशनची साखर सांगतली, आमाले काई समजलंच नाई जी."

त्या दवंडीबद्दल आपल्या कार्यालयाकडून नोटीस आली नाही. तीत मजकूर बरोबर होता.

६. कमळाबाईचे बोल अर्जदाराला झोंबले नाहीत, आणि झोंबले नाहीत याचाच धसका बसला. डॉक्टरांना विचारले असते तर त्यांनी मात्रा कमी केली असती, बदलली असती. ते न करता अर्जदाराने पाकीट चुलीत टाकले. अशी गोळी एकदम तोडायची नसते, सावकाश उतरवायची असते, हे नंतर कळले. डोक्यात विजेचे झटके बसू लागले, मान वळवली की घर फिरे, आणि मग जुनी धडधड दुप्पट होऊन आली. एका दुपारी अर्जदार शेतामागच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर जाऊन बसला. बोडीत पाणी भरपूर होते. कशासाठी बसला होता ते साहेबांनी समजून घ्यावे. लिहायला हात धजत नाही.

रीता विळा आणि भाजी घेऊन आली आणि शेजारी बसून भाजी निवडू लागली. भाजी संपल्यावर एवढेच म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो संग." अर्जदार आज अर्ज लिहीत आहे तो त्या भाजीमुळे.

७. चौथी गोळी सरट्रालीन. सुरुवातीला पोट बिघडले, घाम फुटे, हात थोडे थरथरत. या वेळी रीताने गोळी स्वतःच्या हाताने दिली आणि सोडू दिली नाही. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू वाढवली. फरक पडला तो एका दिवसात नाही. थंडीत गावच्या शंकरपटाला अर्जदार नाइलाजाने गेला होता. बैलांची जोडी सुटली, धुरळा उडाला, आणि अर्जदाराच्या तोंडून आपसूक अशी आरोळी निघाली की पुढच्या माणसाने कानावर हात ठेवला. बाजूला रीता उभी होती. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आला." अर्जदाराला आजही कधी धडधडते, कधी रडू येते. पण वाघाला वाघ आणि साखरेला साखर म्हणण्याइतका तो परत आला आहे.

८. आता दवंडीबाबत. शिबिराचा मजकूर आपल्या कार्यालयाने दिला तो असा : "मानसिक आरोग्य तपासणी शिबीर आयोजित केले असून सर्व गरजू लाभार्थ्यांनी लाभ घ्यावा." अर्जदाराने तो सांगितला. लोक उंबऱ्यात येऊन ऐकून आत गेले. एक जण म्हणाला, "आपल्या गावात पागल कोणी नाई, दुसऱ्या गावात सांग." अर्जदाराला बोडीची पाळ आठवली. वर लिहिलेले शब्द तेव्हा तोंडून गेले, आणि या वेळी आवाज कापला.

शिबिराला दिवसभर कोणी आले नाही. अर्जदार व डॉक्टर चहा पीत बसले. पुढच्या आठवड्यात मात्र माणसे येऊ लागली. समोरून नाही, सांदवाडीतून, म्हणजे मागच्या परसातून. कोणी विळा मागायला येई, कोणी विरजण मागायला, आणि बसल्यावर विचारी, डॉक्टर पुन्हा कधी येते जी? रीताने येणाऱ्यांसाठी मागच्या दाराशी पाण्याची घागर भरून ठेवली आहे. गावातल्या ज्या प्रतिष्ठितांच्या तक्रारीवरून ही नोटीस निघाली, त्यांच्या घरचेही एक माणूस विरजण घेऊन गेले. नाव लिहीत नाही.

९. दाखल्याबाबत. डॉक्टरांनी लिहून दिले की, अर्जदार "नियमित औषधोपचारावर असून कामास योग्य" आहे. तो दाखला आपल्या कार्यालयाने या शेऱ्यासह परत केला की, औषध चालू असेल तर योग्य कसा, आणि योग्य असेल तर औषध कशाला? अर्जदार डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, मी खरे ते लिहिले आहे. अर्जदार कार्यालयात आला. कार्यालय म्हणाले, बंद झाल्याचेच लिहून आणा. असे हेलपाटे घालून चप्पल झिजली. कार्यालयातले दोन साहेब साखरेच्या आजाराची गोळी जेवणाआधी सर्वांसमोर घेतात, आणि ते उत्तम काम करतात. कार्यालयाची जीपही डिझेल बंद करून चालवून दाखवा असे कोणी म्हणत नाही. अर्जदार उद्धटपणे बोलत नाही, त्याला खरोखर समजले नाही म्हणून विचारतो.

१०. सबब विनंती की, परत केलेला दाखला आहे तसाच स्वीकारावा. पुढच्या शिबिराची दवंडी अर्जदाराकडेच द्यावी, आणि जोडलेल्या शब्दांना लेखी मंजुरी द्यावी, म्हणजे पुन्हा नियमभंग होणार नाही. गोळी बंद केल्याचा दाखला अर्जदार आणू शकत नाही. डॉक्टर उतरवा म्हणतील तेव्हा ती सावकाश उतरवू. कार्यालयाच्या तारखेसाठी बंद केली, तर दाखला घेऊन यायला अर्जदार उरेल याची हमी घरात कोणी देत नाही.

कळावे,

आपल्या कचेरीचा, गळा शाबूत असलेला नम्र सेवक,

(सही)
देवाजी सुकलू निकुरे
मौजा बेलमोहा चक
दिनांक : शिबिरानंतरच्या तिसऱ्या महिन्यातला दुसरा सोमवार

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) परत आलेला दाखला, मूळ.
३) पत्नी रीता हिचे म्हणणे, एका ओळीत : "गोळी मी देतो, बंद करायची असन तर मले विचारा." खाली सही.
४) चालू गोळीचे रिकामे पाकीट. नोटीस घ्यायला अर्जदार कचेरीत आला तेव्हा जिन्याखाली गाठून ज्यांनी हळूच गोळीचे नाव विचारले, त्यांच्यासाठी. त्या वेळी मागून माणसे आली आणि सांगायचे राहून गेले. पाकीट परत करण्याची आवश्यकता नाही. मात्र ते पाहून परस्पर घेऊ नये, प्रत्येकाची गोळी वेगळी निघते. आधी डॉक्टरांना भेटावे. एकटे जायला जड वाटत असेल, तर अर्जदार संग येईल.