वेबसाईटचं बिऱ्हाड हललं आणि पल्लवीचं स्थळ राहिलं

मु. मखमलाबाद, नाशिक
मंगळवार, दि. १४ नोव्हेंबर २००६

आमचे मेहुणे, आणि सध्या त्याहून मोठ्या नात्याने आमच्या लेकीच्या, पल्लवीच्या, सोयरिकीचे मध्यस्थ, श्री. धोंडीरामभाऊ यांस,

सावळीरामचा हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? कारखान्यात विमानाखाली वाकून वाकून तो धरला असं मागं म्हणाला होतात. ओव्याच्या तेलानं रोज चोळा, आणि विमान थोडं उंच टेकवायला सांगता आलं तर साहेबांच्या कानावर घाला. इकडे तुमची ताई खुशाल आहे. शुक्रवारपासून ती माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात मोठी शांतता आहे (हे तिला कळवू नये). झेंडू उतरला, दिवाळीला भाव बरा लागला, आता गुलाबावर भुरीचा रोग आला आहे. पल्लवीची दवाखान्यात या आठवड्यात दिवसपाळी आहे.

आता मुद्द्याचं. भारतच्या वडिलांनी, सहादूशेठनी, निरोप पाठवला की, 'सुपारी आमच्यासंगं फोडली, अन् पोरगी अजून वेबसाईटवर लावलेलीच. असं असेल तर सव्वीस तारखेचा साखरपुडा विसरा.' भाऊ, चूक झाली, पण ती माणसाची नाही, बिऱ्हाड हलवण्याची आहे. फोनवर सांगितलं असतं, पण माझं बोलणं फोनात मावत नाही असं तुम्हीच म्हणता. म्हणून हे पत्र. ते तुम्ही सहादूशेठच्या ओट्यावर बसून, भारतच्या आईलाही बोलावून, मोठ्यानं वाचून दाखवावं. चष्मा घेऊन जा.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या समाजाची स्थळं मी बावीस वर्षं वहीत लिहीत आलो. वही फाटली, दुसरी केली, तीही लोकांनी थुंकी लावून पानं उलटून जाड केली. मग तीन वर्षांपूर्वी पंचवटीतल्या सायबर कॅफेत बसून, पुस्तक मांडीवर घेऊन मी वेबसाईट बनवायला शिकलो. (दोन बोटांनी टाइप करतो, पण दोन्ही बोटं मेहनती आहेत.) वेबसाईट झाली की ती ठेवायला कुठंतरी जागा लागते, जसं माल पिकला तरी मांडायला ओटा लागतो. त्या जागेला होस्टिंग म्हणतात. मी फुकटची जागा घेतली. फुकट देणाऱ्याची अट एकच होती, पानाच्या वरच्या अंगाला तो त्याच्या जाहिराती लावणार. मला वाटलं, लावू दे. ट्रॅक्टरच्या, खताच्या असतील.

तर दसऱ्याला आपल्या महिला मंडळाच्या अंबूबाई नातवाकडून वेबसाईट बघून थेट मळ्यात आल्या. मी औषध मारत होतो. म्हणाल्या, "सावळ्या, आपल्या पोरींच्या फोटोवर ती उघडी बाई कोण हाय रे? तिचंबी जमवायचंय का?" मी पंप तसाच पाठीवर घेऊन कॅफेत गेलो. भाऊ, खरंच होती. परदेशी होती, आणि ती आपल्याला भेटायला उत्सुक आहे असं इंग्रजीत लिहिलं होतं. तिच्या बरोब्बर खाली आपली एकशे बारा स्थळं, डोक्यावर पदर घेऊन. त्या दिवशी ठरवलं, फुकटची जागा सोडायची आणि चार पैसे देऊन अब्रूची जागा बघायची.

आता जागा बघायची कशी? मला एकच बघणं येतं, स्थळ बघणं. म्हणून मी आपलाच वधू-वर माहितीचा छापील फॉर्म घेतला आणि होस्टिंगवाल्यांकडून भरून घ्यायला निघालो. (त्यातला रास-नक्षत्राचा रकाना आधीच खोडला होता, एवढं मला कळतं.) पहिले मुंबईचे. त्यांना फोन लावला की एक बाई म्हणायची, आपण रांगेत आहात. मी तीन दिवस रांगेत होतो. ज्यांच्याकडं पाहुण्याला दारातच उभं करतात त्या घरात आपली पोरगी देत नाही, तर एकशे बारा कशाला द्यायच्या? दुसरे आपले पंचवटीतलेच, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकतात. म्हणाले, सर्व्हर घरचाच आहे, अमेरिकेत कशाला जाता? म्हटलं, दाखवा. सर्व्हर म्हणजे ज्या मोठ्या संगणकावर सगळ्यांच्या वेबसाईटी ठेवतात तो. तर तो त्यांच्या स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरणीशेजारी, वर पंखा लावून ठेवलेला. मी विचारलं, लाईट गेली की? म्हणाले, बॅटरी आहे. मी म्हटलं, आणि बॅटरी विकली गेली की? त्यावर ते हसले, मी नाही हसलो, कारण मी तिथं बसलो असतानाच एक गिऱ्हाईक येऊन तीच बॅटरी पसंत करून गेलं.

तिसऱ्या कॉलेज रोडच्या रूपालीताई. एका खोलीचं ऑफिस, चाळिशीच्या बाई, नवरा एलआयसीत. मी फॉर्म पुढं केला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि खरंच भरला. उंचीच्या रकान्यात लिहिलं, मशीन माणसाएवढ्या कपाटात आहे. निर्व्यसनीच्या रकान्यात लिहिलं, होय, पण गार हवा लागते. मी विचारलं, अमेरिकेतच ना? हो. तिथं लोडशेडिंग? नाही. एका खोलीत किती बिऱ्हाडं? त्या म्हणाल्या, "काका, खरं सांगू का, दोनशे. एकाकडं फार पाहुणे आले तर बाकीच्यांना थोडी वाट बघावी लागते." भाऊ, मी तिथल्या तिथं हो म्हणालो. मुलीकडच्यांनी पहिल्याच बैठकीत आपलं वैगुण्य सांगितलं की समजायचं, घर सरळ आहे. बावीस वर्षांत हे कधी चुकलं नाही.

आता सहादूशेठनी इथून पुढं कान देऊन ऐकावं. रूपालीताईंनी शनिवारी, चार तारखेला, जुन्या जागेतल्या सगळ्या सामानाची नक्कल करून नव्या जागेत नेऊन ठेवली. नक्कल, बरं का. जुनं सामान तिथंच. दुसऱ्या दिवशी, रविवारी, भाऊ, ओझरला तुमच्या ओट्यावर सुपारी फुटली. बोलणी किती छान झाली. मुलीनं लग्नानंतर नोकरी सोडायची असं सहादूशेठनी सहज काढलं, मीही सहज मान हलवली, अशा वेळी मान हलवायचीच असते. आणि माझा बावीस वर्षांचा नेम आहे, सुपारी फुटली की त्या रात्री ते स्थळ वहीतून खोडायचं. खोडल्याशिवाय मी जेवत नाही. ओझरहून परतताना वाटेत कॅफेत उतरलो आणि पल्लवीचं स्थळ काढूनच घरी आलो. पण काढलं कुठून? जुन्या जागेतून. सोमवारी नव्या जागेचं दार उघडलं, तर तिथं शनिवारचं सामान. त्यात आपली पल्लवी, शनिवारसारखीच, अविवाहित, योग्य स्थळाच्या प्रतीक्षेत.

हे माझ्या तेव्हाच ध्यानात का नाही आलं म्हणाल, तर सोमवारी दुसरंच लफडं झालं. हलवाहलवीत मराठी अक्षरं सांडली. जिकडंतिकडं प्रश्नचिन्हं. मुलीचं नाव, प्रश्नचिन्हं. शिक्षण, प्रश्नचिन्हं. अपेक्षा, तीन ओळी भरून प्रश्नचिन्हं. आकडे तेवढे इंग्रजी होते म्हणून वाचले. दिंडोरीच्या एका मुलाच्या वडिलांचा फोन आला, "पाच फूट दोन इंचवाली मुलगी लय शिकलेली दिसती, आम्हाला तर वाचताबी येईना. बोलणी करायची का?" रूपालीताईंनी दिवसभर खपून संध्याकाळी अक्षरं परत आणली. ती आल्याच्या आनंदात मी यादी तपासलीच नाही. मंगळवारी अंबूबाईंचा नातू बघतो तो पल्लवी तिथंच. तुमची ताई तेव्हा बोलत होती. म्हणाली, "बावीस वर्षं लोकांच्या पोरी उजवल्या, अन् घरची पोरगी सुपारी फोडून परत मांडून ठेवली." मी तसाच उठून गेलो आणि नव्या जागेतूनही स्थळ काढलं.

आता यात आणखी एक गाठ आहे. वेबसाईटचं नाव तेच राहतं, पत्ता बदलतो. आणि तो नवा पत्ता जगभरच्या संगणकांच्या वह्यांत उतरायला दोन दिवस लागतात. तोवर कुणी जुन्या घरी जातो, कुणी नव्या. त्र्यंबकच्या पाहुण्यांना उघडी बाई दिसत होती, सातपूरच्यांना दिसत नव्हती, आणि मला दोन्हीकडून फोन.

सहादूशेठ म्हणतील, दोन दिवस बुधवारी संपले, आम्ही तर शुक्रवारी ओझरच्या कॅफेत पाहिलं. शिवाय म्हणे त्यात एक नवी ओळ होती, 'लग्नानंतर मुलीची नोकरी चालू राहील, हे मान्य असणाऱ्यांनीच संपर्क साधावा.' याचा मी चार दिवस विचार केला. (परत जाऊन बघायची गरज वाटली नाही, स्थळ मी माझ्याच बोटांनी काढलं होतं.) एक तर ओझरच्या कॅफेतला संगणक जुनी पानं पोटात धरून ठेवत असावा. (असं संगणक करतात, त्याला माझा इलाज नाही.) आणि ती ओळ सामान हलवताना दुसऱ्या कुणाच्या गाठोड्यातली आपल्या गाठोड्यात पडली असणार. आता जुनं पान असेल तर त्यात नवी ओळ कशी, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं. मी ते तिथंच सोडलं.

तेव्हा सहादूशेठ, मी वयानं तुमच्या बरोबरीचा माणूस, तुमच्यापुढं कान धरतो. आमच्या मनात दुसरं स्थळ नाही, नव्हतं. भारतसारखा मुलगा दिव्यानं शोधून मिळणार नाही. पोरीचं नाव चार गावांत होईल, याचा विचार करा आणि साखरपुडा मोडू नका. दोष द्यायचा तर माझ्या दोन बोटांना द्या.

सर्वांना यथायोग्य.

तुमचा,
सावळीराम

ता. क. भाऊ, इथून पुढचं मोठ्यानं वाचू नका. वाचायला सुरुवात केली असेल तर खोकला काढा आणि पाणी मागा.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र मी पल्लवीला वाचून दाखवलं, शुद्धलेखन बघ म्हणून. ती दवाखान्यातून नुकतीच आली होती. गाठोड्याच्या जागेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, ती ओळ पडली नाही. मी लिहिली." पासवर्ड तिला मीच दिला होता, मी विसरतो म्हणून. गुरुवारी तिनं स्वतःचं स्थळ पुन्हा लावलं. मी म्हटलं, अगं, मला सांगायचंस. म्हणाली, "ओझरला तुम्ही ओट्यावर होतात, मी मामाच्या घरात आत पोहे करत होते. नोकरी माझी, अन् हो तुम्ही म्हणालात. मला कुणी विचारलं? मग जिथं विचारतात तिथं लिहिलं." तुमची ताई आतून आली. शुक्रवारनंतर माझ्यासमोर पहिल्यांदा बोलली, पण पल्लवीशीच. "बरं केलंस," म्हणाली. आता माझ्या ध्यानात आलं की ती चार दिवस माझ्यावर रुसली होती ती स्थळ राहिलं म्हणून नाही, पोरीला न विचारता मान हलवली म्हणून. फॉर्ममध्ये मुलीच्या अपेक्षांचा रकाना मीच छापून घेतला, बावीस वर्षं लोकांच्या मुलींकडून भरून घेतला. घरी तो मीच भरला होता, 'मुलगा सुस्वभावी असावा' म्हणून. तेव्हा वरची चार पानं सहादूशेठना वाचून दाखवली नसतील तर दाखवू नका. मी खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही निघालं नाही.

ता. क. ३. पत्र रात्रभर तसंच ठेवलं होतं. आज बुधवारी सकाळी कॅफेत जाऊन स्थळांना आलेले निरोप पाहिले. पल्लवीच्या नावावर पाच आले आहेत. पाचवा ओझरचा, शनिवारी पाठवलेला. नाव, भारत. पूर्ण फॉर्म नीट भरलाय, जसा काही आम्ही त्याला ओळखतच नाही. शेवटी लिहिलंय, 'अट मान्य आहे. त्या दिवशी मीच बोलायला हवं होतं. वडिलांना मी सांगतो, मला थोडे दिवस द्या.' मी ते छापून आणलं आणि पल्लवीच्या डब्याशेजारी ठेवलं. तिनं वाचलं, घडी घातली, पर्समध्ये टाकलं आणि ड्युटीला गेली. उत्तर काय देणार ते मी विचारलं नाही, रविवारी त्याला बोलावू का एवढंच जाताना दारात विचारलं, बोलवा म्हणाली. एवढं मीही शिकलो.

तर भाऊ, खरं काम असं. सहादूशेठकडं आता जाऊच नका. त्यांना काय सांगायचं ते त्यांचा मुलगा सांगेल, आणि त्याच्यानं नाही झालं तर सुपारी परत करायला मी स्वतः येईन, त्यात पोरीचा दोष कुठं काढू देणार नाही. तुम्ही फक्त रविवारी भारतला एकट्याला गाडीवर घेऊन इकडं या. वडिलांना सांगा, दाजींच्या गुलाबावरची भुरी दाखवायला नेतो. तुम्ही, मी आणि ताई, तिघं मळ्यात जाऊ, भुरी खरीच आहे. ती दोघं ओसरीवर बसतील. शनिवारी पल्लवीची पाळी बदलते, त्या दिवशी ती रात्रपाळी करून आलेली असेल, स्वयंपाकघरात जाणार नाही असं तिनं जाताना सांगून ठेवलंय. तेव्हा येताना वाटेत भारतला चहा करता येतो का तेवढं विचारा. येत नसेल तर गाडी थोडी हळू चालवा आणि शिकवून आणा.