न कुजणारी चिंधी

प्रिय सोरखा,

अक्षर मोठं दिसलं तर दचकू नकोस. नवं पेन जाड टोकाचं आहे. इथं मेंढ्यांची लोकर कातरून झाली. आणि तुझा बाप, ज्यानं आयुष्यभर सभांमधून ओरडून सांगितलं की डोळ्यांना डॉक्टर लागतो, संत नव्हे, तो परवा डोळे बरे करणाऱ्या संताच्या विहिरीवर गेला होता. हस, पोटभर हस.

शेजारच्या फिलोमीनाला तिथलं पाणी हवं होतं आणि वाटेत धरायला माझा दंड. विहीर उजव्या हाताला ठेवून ती फेऱ्या घालू लागली. "तू बस, मॅनसा," म्हणाली, "पण भाषण नको. पाणी नासेल." बसलो, आणि मला खरंच कुतूहल वाटू लागलं. आजाऱ्याच्या कपड्याची चिंधी पाण्यात बुडवून काटेरी झाडाला बांधायची; ती कुजत जाईल तसं दुखणं झिजत जाईल. जमीनदारांनी या माणसांची शेतं घेतली, परक्या राजवटीनं भाषा घेतली, तरी दुखणं टांगायला एक झाड त्यांनी राखलं! डॉक्टरला मी सोडलेलं नाही, पण या झाडाला हसणाऱ्याशी आता मी भांडेन.

सगळ्या चिंध्या करड्या, एकमेकींत मिसळलेल्या. मला एकच वेगळी दिसली, पिवळीधमक. माझ्या मोर्चाच्या जाकिटाची! खालची पट्टी गेली म्हणून मी उंदरांवर आळ घेतला होता. फिलोमीना म्हणाली, "तुझ्या पोरीनं बांधली, परदेशी जायच्या आदल्या दिवशी. म्हटलं, अगं बाई, हे नायलॉन! तुझ्या बापाची हाडं कुजतील, हे नाही कुजायचं. पण ऐकेल तर मॅनसची पोर कसली!" मी हात पुढे केला, तशी तिनं मनगटावर काठी हाणली. "खबरदार! बांधली तिनंच सोडायची. दुसऱ्यानं काढली की दुखणं त्याला लागतं." म्हटलं, "अगं, दुखणं माझंच आहे की!" तिनं काठी मागे घेतली. मग म्हणाली, "तर मग दुप्पट होईल."

सोरखा, पेनाचं खोटं होतं. एवढं मोठं लिहिलं तरच मला दिसतं. तिकडे पर्थ शहरातली तुझी नोकरी नवी, म्हणून फोनवर "बरा आहे" म्हणत राहिलो. आणि तू तर जायच्या आधीच सगळं ओळखून, मला काही न विचारता, झाडाला सांगून गेली होतीस. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली हिवाळ्यापर्यंत टिकली तर नशीब. झाडाकडे मी चमत्कार मागत नाही. पण नियम तो नियम, गाठ तुलाच सोडावी लागेल. त्या जागी बांधायला माझ्या जुन्या सुती सदऱ्याची चिंधी कापून ठेवली आहे. ती कुजो न कुजो, तू लवकर ये. तू गाठ सोडत असताना मी समोरच्या दगडावर बसेन, आणि झाडाकडे मुळीच बघणार नाही, फक्त तुझ्याकडे.

तुझाच,
हट्टी बाप