डाहीबाचं पाणी

बुधवार, २ एप्रिल २०२५

आज गवियरला आले. गोडादऱ्याहून दोन बस बदलाव्या लागल्या. सुरतेत बावीस वर्षं काढली, पण शहराच्या या टोकाला कधी येणं झालं नव्हतं. मोठ्या रस्त्याला काचेची दुकानं आणि उंच इमारती, आणि एक वळण घेतलं की एकदम गाव. तळं, तळ्यात म्हशी, कौलारू घरं, ओट्यावर पापडी सोलत बसलेल्या बायका. मला तर पारोळ्याला माहेरी आल्यासारखं वाटलं. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं, इतकं खालून की त्याची चाकं दिसली. मी पिशवी टाकून कान झाकले. बायका हसल्या. एकीनं विचारलं, नवी आहेस का. मी पण हसले.

घर जयश्रीबेनचं. त्यांचे मिस्टर हजीऱ्याला कंपनीत आहेत, आठवड्याला पाळी बदलते. मी आले ती त्यांच्या सासूसाठी. नाव डाहीबा, वय ऐंशीच्या पुढं. दिवाळीत लकवा मारला, तेव्हापासून अंथरुणावर. वाचा गेली आहे. उजवा डोळा तेवढा हलतो. जयश्रीबेन सांगत होत्या की धावपट्टीच्या भिंतीपलीकडे जे गवत दिसतं ते पूर्वी बांचं भाताचं शेत. बा धडधाकट होत्या तेव्हा दुपारचं दिल्लीचं विमान दिसलं की चहा ठेवायच्या, घड्याळ बघत नव्हत्या.

मला एक वही दिली, बांचं खाणं, पाणी, औषध लिहायला. माझ्या मुलीची, योगिताची अर्धी कोरी राहिलेली वही मी घरून आणली आहे, ती ही. दहावीपर्यंत शिकले, पण लिहायला निवांतपणा आजच मिळाला.

हे काम शांताबाईंमुळे मिळालं. त्या दवाखान्यात आया आहेत, आमच्या गल्लीतल्या. त्यांनीच जयश्रीबेनला सांगितलं की कुंदननं सासूचं दोन वर्षं सगळं केलं, शेवटचं पाणीसुद्धा तिच्याच हातचं. खरंच आहे ते. सुंदराबाई, माझ्या सासूबाई, गेल्या तेव्हा मी उशाशी होते.

शुक्रवार, ४ एप्रिल

सगळ्याची घडी बसली. सकाळी अंग पुसते, कूस बदलते, पाठीला पावडर लावते. पाणी चमच्यानं पाजायचं, मान उचलून, नाहीतर ठसका लागतो. बा शहाण्यासारख्या पितात. जयश्रीबेन म्हणाल्या, "कुंदनबेन, तुमच्या हाताला गुण आहे."

योगिताचा फोन आला होता. बारावीचे पेपर संपले, आता तीच पप्पांचा डबा करते. तिचे पप्पा लूमच्या कारखान्यात बारा तास उभे असतात, त्यांना गरम जेवण लागतं. त्यांनी विचारलं, तिकडे करमतं का. मी म्हटलं, करमतं. खोली मोठी आहे, वारा येतो. गोडादऱ्याची खोली मला आता नको वाटते, एवढं मात्र बोलले नाही.

सोमवार, ७ एप्रिल

आज एक गंमत झाली. गंमत म्हणू का काय म्हणू.

दुपारी बांना पाणी पाजत होते. दिल्लीचं विमान आलं. ते आलं की खिडकीची काच थरथरते, अर्धा मिनिट कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. त्या आवाजात मला बांचे ओठ हलताना दिसले. घास चावल्यासारखे नाही, बोलल्यासारखे. मी कान जवळ नेला तोवर विमान गेलं आणि ओठ मिटले.

जयश्रीबेनना आनंदानं सांगितलं. त्या म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात वाचा परत येणार नाही, तसा भास होतो. पण त्यांचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, उगाच आशा लावली.

बुधवार, ९ एप्रिल

भास नाही.

आज विमान यायच्या आधीच कान जवळ नेऊन बसले. ते आलं. बांच्या तोंडातून शब्द आले, स्पष्ट. "माले तीस लागनी व."

ही अहिराणी आहे. मला तहान लागली, म्हणते आहे. या बाईनं जन्मात गवियर आणि डुमस सोडलं नाही. हिला मराठी येत नाही, अहिराणी कुठून येणार. मी जयश्रीबेनना सहज विचारलं, बांना खानदेशचं कुणी ओळखीचं होतं का. त्या म्हणाल्या, नाही तर, का हो? मी म्हटलं, काही नाही.

शब्द तर होतेच. पण तो आवाजही डाहीबाचा नव्हता. शब्द नाकातून काढायची, आणि 'व' म्हणताना लांबवायची, अशी एकच बाई मी बघितली आहे.

गुरुवार, १० एप्रिल

आज तीन विमानं. तिन्ही वेळा.

"माले तीस लागनी व, कुंदन."

जयश्रीबेन दारातच कपडे वाळत घालत होत्या. त्यांना काही ऐकू आलं नाही. त्या माझ्याकडे बघून हसल्या, मी पण हसले.

शनिवार, १२ एप्रिल

पहिल्या पानावर मी खोटं लिहिलं. वहीशी सुद्धा खोटं बोलले. आता लिहिते.

सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर होत्या. दहा बाय दहाची खोली. त्यात आम्ही तिघं आणि त्या. मी सकाळी साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणायचे, दिवसातून चार वेळा गोधड्या धुवायचे. मग माझ्या लक्षात आलं की पाणी कमी दिलं की गोधडी कमी ओली होते. आधी थोडं कमी केलं. मग आणखी. त्या मागायच्या. मी म्हणायचे, आत्ताच तर प्यालात. त्यांना वाटायचं, आपल्यालाच आठवत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात लिंबायतला माझ्या मामेबहिणीच्या मुलीची हळद होती. हे कामावर, योगिता तिच्या मैत्रिणीकडे. मी सासूबाईंना तीन चमचे पाणी दिलं, तांब्या स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला, बाहेरून कडी घातली आणि गेले. तासाभरात येणार होते. मामेबहीण सोनाली म्हणाली, जेवून जा. मी जेवले. नाचले पण. सहाला परत आले. पत्र्याची खोली उन्हानं तापलेली, आत पाय ठेववत नव्हता. त्या पलंगावरून खाली पडलेल्या, ओट्याकडे हात केलेला.

मी त्यांना उचलून पलंगावर ठेवलं. हातापायाची हळद घासून धुतली. तोंडावर पाणी शिंपडलं, ओठ ओले केले. मग हाका मारून शेजाऱ्यांना बोलावलं आणि सांगितलं, आत्ताच गेल्या, माझ्या मांडीवर, पाणी मागितलं, मी पाजलं.

ह्यांनी माझे पाय धरले होते. नवऱ्यानं बायकोचे. म्हणाले, "मायनं शेवटलं पानी तुना हातनं पिधं, मी सुटनू." दशक्रियेला सगळ्यांना हेच सांगत होते.

त्या दिवशी मी गप्प बसले. पुढं प्रत्येकच दिवशी गप्प बसले.

सोमवार, १४ एप्रिल

"तू हयदले गयथी ना?"

हळदीला गेली होतीस ना. असं विचारलं. दिल्लीचं विमान. भर दुपार, बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती.

माझ्या हातातला चमचा पडला.

बा माझ्याकडे बघत होत्या. उजव्या डोळ्यानं. डोळा त्यांचाच आहे, गरीब, मायाळू. त्यांना बिचाऱ्यांना माहीतसुद्धा नसेल की त्यांच्या तोंडातून काय निघतं.

मंगळवार, १५ एप्रिल

एक कळलं. पाणी पाजलं की बोलते. तोंड कोरडं असलं की विमान आलं तरी नुसती जीभ टाळूला लागल्याचा टक टक आवाज होतो, शब्द होत नाही.

सकाळी पाणी उशिरा दिलं. दहाचं विमान शांततेत गेलं. किती दिवसांनी मी नीट जेवले.

गुरुवार, १७ एप्रिल

काल सहा चमचे. आज चार.

जयश्रीबेनच्या वहीत लिहिलं, दीड लिटर. अक्षर छान आलं.

शांत आहे. एक शब्द नाही. नुसतं टक टक.

मी काय करते आहे ते मला कळतं. कळत नाही असं नाही.

शनिवार, १९ एप्रिल

बांना ताप. डोळा खोल गेलाय. जीभ लाकडासारखी. जयश्रीबेननी डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी विचारलं, पाणी किती जातं. जयश्रीबेन पळत जाऊन वही घेऊन आल्या. पान उघडून दाखवलं, अभिमानानं. म्हणाल्या, आमच्या कुंदनबेन चमचा न् चमचा लिहितात.

डॉक्टरांनी वही बघितली. मग माझ्याकडे. म्हणाले, ऊन फार आहे, जिरत असेल. सलाईन लावली.

डॉक्टर गेल्यावर जयश्रीबेननी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, तुम्ही किती सुकलात, घरची आठवण येत असेल, मी तुमच्या मिस्टरांना फोन करते, उद्या रविवार आहे, भेटून जातील. मी नको नको म्हटलं. त्यांना वाटलं मी लाजते.

मी संडासात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. सुंदराबाईंसाठी नाही रडले. स्वतःसाठी रडले. हे पण लिहून ठेवते.

शनिवार, संध्याकाळी

सलाईननं बांचे ओठ ओले झालेत.

सातचं विमान —

"कितल्या हाका मार्‍यात व तुले. कितल्या हाका."

हात जोडले मी. म्हटलं, चुकले, आत्याबाई, चुकले. या बाईला सोडा. हिनं काय केलंय.

विमान गेलं होतं. तरी ती बोलली. हळूच.

"परवीनले सांग." ह्यांना परवीन अशी हाक फक्त सासूबाईच मारायच्या.

रविवार, २० एप्रिल, सकाळी

बांना वाटीभर पाणी पाजलं. मग आणखी एक वाटी. खऱ्या मापानं लिहिलं. आता जे व्हायचं ते होवो, या म्हातारीचा जीव माझ्यामुळे जायला नको.

त्या एकेक चमचा अधाशासारखा प्यायल्या. डोळ्यातून पाणी आलं. डाव्यातूनही.

ठरवलं आहे. हे आले की मीच सांगणार. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. तळ्यावर नेईन, बसवेन, आणि —

कसं सांगू. "मी सुटनू" म्हणाले होते.

रविवार, दुपारी

आले. पांढरा शर्ट घातलाय, दाढी केलीय. योगितानं शेव पाठवली. मी म्हटलं, चला, तळ्यावर जाऊ. म्हणाले, आधी म्हाताऱ्या मायला भेटतो. वाकून बांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाले, आपल्या मायसारखीच दिसते गं.

जयश्रीबेन म्हणाल्या, बसा, चहा टाकते, दिल्लीचं विमान येईलच.

मी पुन्हा म्हटलं, चला ना. ऐकलं नाही. खुर्ची ओढून बसले. तांब्या उचलला. म्हणाले, आज मी पाजतो. मायला पाजायचं नशिबात नव्हतं.

मी उंबऱ्यावर बसले आहे. वही मांडीवर. हात थांबवला तर ओरडेन म्हणून लिहिते.

एक चमचा. दोन. मान नीट उचललीय त्यांनी. तीन.

काच थरथरते आहे.

आलं. बांचे ओठ —

ते वाकले. त्यांना वाटलं, बांना काही हवंय. कान तोंडाशी नेला.

मला काही ऐकू येत नाही. नुसता विमानाचा आवाज.

गेलं विमान.

ते अजून वाकलेलेच. चमचा हातात. पाणी सांडतंय बांच्या गळ्यावर, त्यांना दिसत नाही.

सरळ झाले. माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघून विचारलं, हळू आवाजात, योगिताला काही विचारावं तसं —

"कुंदन, त्या दिन कोनी हयद व्हती?"

जयश्रीबेन चहा घेऊन आल्या. कप ठेवला. त्यांना काहीच —

उठले. माझ्याकडे येताहेत. मी वर बघत नाही. मी सांगते, म्हणाले मी, मी आज सांगणारच होते, मी तुम्हाला तळ्यावर —