कुंकू लावलेलं डोंगल

नवनगर, शनिवार संध्याकाळ

शी! कंपनीच्या समारंभाला गेलेच कशाला मी? मालकांनी आज कंपनीची प्रोग्रामिंगची भाषा जगाला खुली केली. अर्धीअधिक मी लिहिलेली. शाल पांघरून म्हणतात, "ज्ञान कुलपात ठेवणं पाप!" आणि ते डोंगल? कॉम्प्युटरला ती किल्ली लावल्याशिवाय भाषा चालायची नाही. खंडेनवमीला मालक त्याला कुंकू लावायचे. तेच मी कॉलेजच्या पोरांना एक दिवस वापरायला दिलं म्हणून मला कामावरून काढलं. आज हसत म्हणाले, "बर्री, या अक्का, आता सगळ्यांचीच भाषा. घरी बसून चुका दुरुस्त करा की!" फुकटात! किळस आली.

तरी घरी येऊन कोड उघडला. एक चूक दिसली. राहवलं नाही, दुरुस्त करून पाठवली. कंपनीचं आपोआप उत्तर आलं: "पहिल्यांदाच आलात, स्वागत!"

डोंगलला निदान कुंकू तरी मिळायचं.