कोवळी तुळस

आई,

घोलवडचं घर विकलं. एरवी तुला जवळ बसवून, आधी दोन घोट पाणी देऊन हळूहळू सांगितलं असतं, पण आता तुझ्यामाझ्यात तेवढी भीड उरलेली नाही. का उरली नाही, तेच लिहायला बसले आहे.

तू डहाणूच्या दवाखान्यात होतीस. मी रायपूरहून पोचले तेव्हा तुला धड बोलता येत नव्हतं. तरी माझा हात धरून म्हणालीस, "घर विकू नको, बाय. उघडं ठेव." बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली, मला ना भाऊ ना बहीण. मी हो म्हणाले आणि तुझ्यामागे ते हो निभावत राहिले. दर दिवाळीला रायपूरहून निघायचं, मुंबईत गाडी बदलायची, शेजारच्या काकीकडून किल्ली घ्यायची आणि खाऱ्या हवेनं गंजलेलं कुलूप तेल सोडून उघडायचं. कौलं परतून घ्यायची, वाळवी खरवडायची, ओटा सारवायचा, दिवा लावायचा. माझी मुलगी लहानपणी आईशिवाय दिवाळी करायला शिकली. तुझे जावई एकदा म्हणाले, "तू तिकडे रिकाम्या भिंतींना फराळ वाढतेस आणि आम्ही इथे बाहेरून आणलेल्या चकल्या खातो." त्यावरून आमचं पुष्कळ दिवस बोलणं नव्हतं. घराला गिऱ्हाईकं येत होती. मी प्रत्येकाला एकच सांगायची, माझ्या आईचा जीव आहे या घरात.

तू होतीस तेव्हाच्या दिवाळ्या आठवतात. मी यायचे तेव्हा घर लख्ख. चुलीवर तांदळाच्या भाकरी, माझ्यासाठी वाटीत काढून ठेवलेला साईचा गोळा, आणि डब्याडब्यांत सगळं नुकतंच भरलेलं. डाळीला कीड नाही, मिठाला पाणी सुटलेलं नाही. मी येणार म्हणून एवढं करते, असं वाटून मला भरून यायचं. एका दिवाळीत वृंदावनापाशी उभी राहून मी सहज म्हटलं, आई, तुझी तुळस वाढत का नाही गं, गेल्या वर्षीही एवढीच होती. तू फणकाऱ्यानं म्हणालीस, तुळशीला नावं ठेवू नयेत, खाऱ्या वाऱ्यावर एवढीच राहते. मग संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाहीस. एवढं काय लागलं, हे मला तेव्हा कळेना.

त्याच्या आधीच मी तुला मोबाइल दिला होता. घरचा फोन तू लगेच काढून टाकायला लावलास, उगाच बिल कशाला म्हणून. दर रविवारी मी विचारायची, काय करतेस, आणि तू म्हणायचीस, "ओट्यावर बसलेय. वारा छान सुटलाय." रायपूरच्या उन्हाळ्यात मी तो वारा ऐकायची. एकदा मागे कोंबडा आरवला. आपल्याकडे कोंबड्या कुठल्या, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, काकीनं पाळल्यात. काकी चतुर्मासात कांदासुद्धा खात नाही, ती कोंबड्या पाळेल का, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

दोन हजार एकोणीस सालच्या सुरुवातीला आपल्या भागात जमीन हादरत होती. काकीचा फोन आला, मागच्या भिंतीला चीर गेलीय, आणि पलीकडच्या चिकूच्या वाडीवाल्यांना जागा हवीय, येऊन काय ते ठरव. मी आले, पण ठरवायचं काहीच मनात नव्हतं. गवंडी शोधायचा, एवढंच होतं. त्याआधी मावशीची काळजी वाटली म्हणून तलासरीला गेले. तिकडे धक्के जास्त. मावशी घरात झोपायची सोडून अंगणात खाट टाकून होती. खाटेच्या उशाशी तुळस होती, माझ्या कमरेपर्यंत आलेली, खोड जाडजूड, मंजिऱ्यांनी लगडलेली.

मी म्हटलं, "मावशी, केवढी वाढवलीस गं."

"मी कुठं वाढवली? तुझ्या आयशीची हाय. तिच्याच बियांची. ती राहाया आली तवा उपटून घेऊन आलती."

बोलून गेली आणि पदर तोंडाशी नेला. मग तिला सांगावंच लागलं. बाबांच्या मागे थोड्याच दिवसांत तू तलासरीला निघून आली होतीस. त्या घरात एकटीला रात्रीची भीती वाटायची, लाटांचा आवाज छातीत बसायचा. शेवटची सगळी वर्षं तू इथे होतीस, मावशीसोबत नाचणी निवडत, कोंबड्या राखत. दिवाळी जवळ आली की घोलवडला जायचीस, घर झाडायचीस, डबे भरायचीस आणि रोपवाटिकेतून तुळशीचं एक रोप आणून वृंदावनात लावायचीस. मी परतले की कुलूप.

"मला का नाही सांगितलं?"

"तू तिला रायपूरला नेली असतीस. तिला जायचं नव्हतं." मग खाटेवरची वाकळ सारखी करत म्हणाली, "आणि ती म्हणं, लेकीला माहेर पायजे. माहेर समुद्राकडंच शोभतं, इथं काय हाय डोंगरात."

मी चहा तसाच ठेवून उठले. आई, मला फार राग आला. अजून आहे. तूच शिकवलंस ना, जिथे तुळशीला पाणी तिथे आपलं घर? मग तुझं घर तलासरीला होतं आणि मी दहा-बारा वर्षं एका रिकाम्या खोक्यासमोर दिवे लावत होते. काकीला माहीत होतं. रिक्षावाल्यांना, रोपवाटिकेत बसणाऱ्याला माहीत होतं. तुला शेवटचं घोलवडच्याच ओट्यावर आणून ठेवलं, तेव्हा मावशी माझ्या गळ्यात पडून रडली, पण तिनंही तोंडातून ब्र काढला नाही. आंधळ्या कोशिंबिरीत राज्य कायम माझ्यावरच होतं. आणि सगळ्यात जास्त हे लागलं की तुला भीती वाटत होती, हे तू बहिणीला सांगितलंस, मला नाही. मला फक्त वारा ऐकवलास. निदान दवाखान्यात तरी हात धरून खरं बोलायचं होतंस. त्याऐवजी जे तुला नको होतं तेच माझ्या गळ्यात बांधून गेलीस. लेकीला माहेर हवं होतं, कबूल. पण लेकीला आई जिथे असेल ते माहेर हवं होतं गं. मी तलासरीच्या अंगणात आनंदानं झोपले असते.

दुसऱ्याच दिवशी वाडीवाल्यांना हो सांगितलं. देवघरातले टाक मावशीकडे पोचवले. घासाघीस केली नाही, भिंतीची चीर स्वतःच दाखवली. कागदांवर सह्या करून टाकल्या.

हे पत्र कुठे टाकायचं, तेही कळत नाही. घोलवडला तुझं घर नाही आणि तलासरीचा पत्ता तू मला तुझा म्हणून कधी दिलाच नाहीस. म्हणून ते माझ्याकडेच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं.

किल्ली द्यायच्या सकाळी घरात शेवटची फिरले. मागच्या दारी वृंदावन कोरडं पडलं होतं, आत नुसती भेगाळलेली माती. वाडीवाल्यांची सून बाळाला घेऊन येणार होती, तिनं पहिल्याच दिवशी हे पाहावं, हे मला बघवेना. रोपवाटिकेत गेले, तुळशीचं एक कोवळं रोप आणलं, लावलं, पाणी घातलं. ती आली, बाळ कडेवर घेऊन वृंदावनापाशी वाकली, हात जोडले. मग तिच्या गुजराती वळणाच्या मराठीत मला विचारलं, "तुमच्या आईच्या हातची ने?"

मी हो म्हणाले.